बातमीखाली सही कोणाची?

15 ऑक्टोबर 2025 रोजी वॉशिंग्टनलगतच्या पेंटॅगॉनमध्ये, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, बसणाऱ्या पत्रकारांनी आपली ओळखपत्रं परत केली, टेबलांचे खण रिकामे केले आणि सामान उचलून ते बाहेर पडले. संरक्षण खात्याने त्यांच्यापुढे नवी नियमावली ठेवली होती. मंजुरी नसलेली माहिती मिळवायला गेलात तर प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो, हे समजल्याची सही त्यावर हवी होती. असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स, न्यूयॉर्क टाइम्स यांनी सही केली नाही, फॉक्स न्यूजनेही केली नाही. तेव्हापासून जो वाद रंगला आहे, त्यात एका बाजूचं म्हणणं असं की बाहेरच्यांची गरजच काय, सैन्याकडे स्वतःचे प्रशिक्षित वार्ताहर आणि स्वतःचे कॅमेरे आहेत. दुसरी बाजू म्हणते, ते कसले वार्ताहर, ते तर गणवेशातले भाट. आपल्याकडच्या मित्रमंडळींतही हा वाद मी याच दोन वाक्यांत ऐकला आहे. दोन्ही वाक्यं बोलणाऱ्यांनी या माणसांचं काम जवळून पाहिलेलं नाही, असं मला वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सैन्यातला प्रसारण वार्ताहर स्वतंत्र पत्रकार नाही आणि होऊही शकत नाही. तरीही त्याचं काम खरं आहे, गरजेचं आहे आणि सन्मानाचं आहे, पण दोन अटींवर. त्याच्या कामाखाली त्याचं नाव आणि त्याच्या तुकडीचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. आणि त्याने टिपलेलं तपासायला त्याच जागी दुसरा, सैन्याचा पगार न घेणारा माणूस उभा असला पाहिजे. यातली एक अट जरी मोडली तरी ‘भाट’ म्हणणारे बरोबर ठरतात. म्हणून पेंटॅगॉनमधल्या त्या दिवसाने सर्वांत मोठं नुकसान कोणाचं केलं असेल, तर माझ्या मते गणवेशातल्या याच वार्ताहरांचं.

आधी ही माणसं कोण ते पाहू. अमेरिकी सैन्याच्या जनसंपर्क शाखेतला निम्म्याहून मोठा भाग पूर्णवेळ सैन्यात नसून राखीव दलात आणि नॅशनल गार्डमध्ये आहे. राखीव दलात ‘ब्रॉडकास्ट ऑपरेशन्स डिटॅचमेंट’ नावाच्या छोट्या तुकड्या आहेत. टेक्ससमध्ये ग्रँड प्रेरीला 206वी, मेरीलँडमध्ये फोर्ट मीडला 356वी. यातला सैनिक महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले साधारण दोन आठवडे गणवेशात असतो. त्या शनिवार-रविवारच्या हजेरीला ते ‘बॅटल असेंब्ली’ म्हणतात. एरवी तो शाळेत शिकवतो, एखाद्या स्थानिक वाहिनीत एडिटिंग करतो, नाहीतर लग्नांचं शूटिंग करतो. प्रशिक्षण फोर्ट मीडच्या डिफेन्स इन्फर्मेशन स्कूलमध्ये होतं. छापील वार्ताहर आणि प्रसारण वार्ताहर असे पूर्वी दोन वेगळे हुद्दे होते, आता ते एकत्र केले आहेत. म्हणजे एकाच माणसाने कॅमेरा धरायचा, बाइट घ्यायचा, स्क्रिप्ट लिहायची, आवाज द्यायचा, कापायचं आणि रात्री तंबूतून फाइल पाठवायची. बोलावणं आलं की घरदार सोडून वर्षभर परदेशात जायचं. इराक युद्धात सैनिकांसाठी बगदादमधून चालणारं रेडिओ केंद्र 2011 पर्यंत सुरू होतं, तिथे पाळीपाळीने राखीव दलातली माणसंही जाऊन राहिली. 2020 मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत राखीव दलाने 85-85 जणांची वैद्यकीय पथकं उभारून शहरांतल्या इस्पितळांत पाठवली. बाहेरच्या कॅमेऱ्यांना जिथे आत सोडत नव्हते, तिथे आतून टिपण्याचं काम अशाच माणसांकडे होतं. हे सगळं ‘जाहिरात’ या एका शब्दात बसवणं मला पटत नाही.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरोखर भक्कम आहे. ज्याच्याबद्दल बातमी करायची त्याच्याच हातात आपल्या कामावर शेरा मारणारा गोपनीय अहवाल. सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय प्रत्येक फुटेज बाहेर पडण्याआधी चार चाळण्यांतून जातं: सुरक्षितता, अचूकता, औचित्य आणि धोरण. पहिल्या दोन चाळण्यांबद्दल माझी तक्रार नाही. तुकडी उद्या कुठून कुठे जाणार हे सांगू नये, आणि खोटं सांगू नये. पण ‘धोरण’ या चाळणीची भोकं कोण, केव्हा आणि किती बारीक करेल, याला मर्यादा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकाने सैन्याच्याच नोकरीत असताना, सैन्याच्याच सांगण्यावरून, मन मोडून परतलेल्या सैनिकांवर माहितीपट केला. 1946 चा तो माहितीपट 1980 च्या अखेरपर्यंत लोकांना दाखवू दिला गेला नाही. व्हिएतनाम युद्धात, 3 जानेवारी 1970 रोजी, सायगॉनमध्ये सैन्याच्या दूरचित्रवाणीवर रॉबर्ट लॉरेन्स या निवेदकाने बातम्यांच्या शेवटी कॅमेऱ्याकडे पाहून सांगितलं की आम्हाला खरं सांगायची मोकळीक नाही. त्याला निवेदकाच्या खुर्चीवरून हटवण्यात आलं.

आणि मग माय लाय. 16 मार्च 1968 च्या सकाळी त्या व्हिएतनामी गावात शिरलेल्या कंपनीबरोबर सैन्याच्या माहिती तुकडीतले दोघे होते, वार्ताहर जे रॉबर्ट्स आणि छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ली. गावात बायका, मुलं आणि म्हातारी माणसं मारली गेली. सैन्याच्या नंतरच्या चौकशीप्रमाणे 347, व्हिएतनामच्या नोंदीप्रमाणे 504. अधिकृत बातमी मात्र 128 शत्रूसैनिक ठार झाल्याची गेली. हस्तगत शस्त्रं होती तीन. 128 शत्रू आणि तीन बंदुका, हा हिशेब कोणाला खटकला नाही? हेबर्लीच्या गळ्यात सैन्याचा कॅमेरा होता, त्यात कृष्णधवल रोल होता. त्या रोलमध्ये संहार नाही. संहार आहे तो त्याच्या स्वतःच्या, खासगी कॅमेऱ्यातल्या रंगीत रोलमध्ये. ती छायाचित्रं 20 नोव्हेंबर 1969 रोजी क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ या दैनिकात छापून आली. एकच माणूस, एकच डोळा, एकच सकाळ. सरकारी कॅमेऱ्याने एक पाहिलं, स्वतःच्या कॅमेऱ्याने दुसरं. पुढे 2009 मध्ये त्याने हेही कबूल केलं की प्रत्यक्ष गोळ्या झाडतानाची काही छायाचित्रं त्याने स्वतःच नष्ट केली होती.

यावर कोणी म्हणेल, मग राहिलं काय? अशा माणसांवर विश्वास ठेवायचा कशाला? इथेच मला हा वाद चुकीच्या रुळावर गेलेला दिसतो. प्रश्न विश्वासाचा असता तर उत्तर सोपं होतं. प्रश्न पुराव्याचा आहे. हेबर्ली त्या गावात नसता तर रंगीत रोलही नसता. गावकरी बोलले असते, रॉन रिडनआवरसारख्या सैनिकाने 1969 मध्ये लिहिली तशी पत्रंही गेली असती, पण अमेरिकेतल्या माणसाने ते डोळ्यांनी पाहिलं नसतं. त्या सकाळी तिथे दुसऱ्या कोणाचा कॅमेरा होता? कोणत्या दैनिकाचा बातमीदार होता? एकही नाही. सैन्याच्या पगारावरचा हा माणूस भित्रा होता, उशिरा बोलला, अर्धं बोलला, हे सगळं मान्य. पण साक्षीदार तोच होता.

आपण मराठी माणसांनी तरी हा फरक विसरू नये, कारण आपल्याकडे तो सव्वाशे वर्षांपूर्वी एकाने पक्का शिकवून ठेवला आहे. 1898 मध्ये वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. त्यात पानिपताच्या आधीच्या दशकातली आणि त्या मोहिमेतली पत्रं आहेत. ती लिहिणारे कोण होते? सरदार, कारकून, मामलतदार, खुद्द भाऊसाहेब. सगळे पेशव्यांच्या चाकरीतले. हितसंबंध म्हणाल तर नखशिखांत. कोणी रसद वेळेवर न पोहोचल्याची सबब सांगतो, कोणी स्वतःची बाजू राखतो. तरीही राजवाड्यांनी त्या पत्रांना बखरींच्या वरचा मान दिला. का? कारण पत्राला तारीख आहे, लिहिणारा माहीत आहे, कोणाला लिहिलं ते माहीत आहे, आणि ते घटनेच्या वेळी लिहिलं आहे. बखर नंतर रचली जाते, ऐकीव गोष्टी तिच्यात मिसळतात आणि कोणी कुठून काय आणलं याचा माग राहत नाही. लिहिणारा पगारी आहे म्हणून राजवाड्यांनी कागद फेकून दिला नाही, आणि कागद जुना आहे म्हणून डोळे मिटून मानलाही नाही. एक पत्र दुसऱ्याशी ताडून पाहिलं. पानिपतचा निकाल नानासाहेबांना पहिल्यांदा कळवला तोही एका सावकाराच्या पत्राने, दोन मोत्यं गळाली आणि सत्तावीस मोहरा हरवल्या या सांकेतिक भाषेत. आत छावणीतून लिहिणारे होते आणि बाहेर व्यापारासाठी लिहिणारेही होते, म्हणून आज आपल्याला पानिपत कळतं.

अमेरिकी सैन्याच्या वार्ताहरांचं काम या कसोटीला लावून पाहा. 2004 पासून त्यांची दृश्यं आणि छायाचित्रं ‘डीव्हिड्स’ या सार्वजनिक भांडारात जमा होतात. कोणीही ती फुकट उतरवून घेऊ शकतो. प्रत्येक चित्राला एक ओळख क्रमांक असतो. आधी सहा आकडी तारीख, मग कोणतं सैन्यदल ते सांगणारं अक्षर, मग टिपणाऱ्याचा संकेतांक, मग चित्राचा अनुक्रमांक. खाली कॅप्शनमध्ये कोण, कुठे, केव्हा, आणि टिपणाऱ्याचं हुद्द्यासह नाव. राजवाड्यांना पत्रावरची मिती शोधायला दप्तरं उपसावी लागली. इथे मिती चित्राला जन्मापासून चिकटलेली असते. याला मी कमी लेखणार नाही.

ही मिती पुसली की काय होतं, तेही घडून गेलं आहे. सैन्यातल्या मुला-मुलींच्या बातम्या त्यांच्या गावच्या वाहिन्यांना तयार करून पाठवणारी सैन्याचीच एक सेवा होती. 2005 मध्ये उघड झालं की स्थानिक वाहिन्या असे तयार तुकडे, ते कोणी बनवले हे न सांगता, आपल्याच बातमीसारखे दाखवत होत्या. आता यात लबाडी कोणाची? तुकडा बनवणाऱ्या सैनिकाने आपलं काम केलं होतं. बनवणाऱ्याच्या नावाची पाटी काढली ती संपादकाच्या टेबलावर, कारण माणसं कमी होती, वेळ भरायचा होता आणि माल फुकट होता. नोव्हेंबर 2008 मध्ये अमेरिकेच्या पहिल्या चार-तारांकित महिला जनरल ॲन डनवुडी यांचं छायाचित्र सैन्याने दिलं. त्यातली मूळची पार्श्वभूमी बदलून मागे राष्ट्रध्वज लावला होता. असोसिएटेड प्रेसने ते पकडलं आणि संरक्षण खात्याची छायाचित्रं वापरणंच काही काळ थांबवलं. चित्रात फेरफार करायचा नाही हा खात्याचा स्वतःचाच नियम होता. पण नियमाला दात आले ते बाहेरच्या संस्थेने माल नाकारल्यावर.

उलट, पाटी नसलेली ‘स्वतंत्र’ बातमी किती घातक असू शकते, याचं उदाहरणही त्याच दशकातलं आहे. 2003 मध्ये इराकमध्ये नासिरियाजवळ पकडली गेलेली अमेरिकी सैनिक जेसिका लिंच शेवटच्या गोळीपर्यंत लढली, ही कथा जगभर पसरली. ती सैन्याच्या कोणत्याही वार्ताहराच्या सहीने आली नव्हती. एका प्रतिष्ठित खासगी दैनिकाने निनावी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने ती छापली होती. 2007 मध्ये लिंचने अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं की ती कथा खरी नव्हती. तिच्या सुटकेचं रात्रीचं चित्रण सैन्याच्या कॅमेऱ्याने केलं आणि दोहाहून कापून-जोडून वाटलं, हे मी लपवत नाही. त्या चित्रणात निवड होती, नाट्यही होतं. पण ते कोणाचं आहे हे प्रत्येकाला माहीत होतं आणि म्हणून त्यावर प्रश्न विचारता आले. निनावी अधिकाऱ्याला कोण प्रश्न विचारणार?

आपल्या घरातलंही पाहू. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, रात्री उशिरापर्यंत आपण सगळे पडद्यापुढे बसलो होतो. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं अनेक खासगी वाहिन्यांनी सांगितलं. ते घडलंच नव्हतं. त्याच दिवसांत कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग परराष्ट्र सचिवांबरोबर समोर येऊन जे सांगत होत्या, ते तुलनेने मोजकं, अपुरं आणि नीरस होतं. अपुरं होतं हे खरं, अनेक प्रश्नांची उत्तरं त्यात नव्हती. पण खोट्या बंदराच्या राखेपेक्षा अपुरं विधान बरं, कारण त्याच्या मागे नाव आणि हुद्दा होता. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या निकालात किती कठोर ताशेरे ओढले, तेही आठवावं. गणवेश नसणं ही सत्याची हमी नाही.

एक आक्षेप मात्र मला अजून टोचतो. राखीव दलातच मानसशास्त्रीय युद्धाच्या तुकड्या आहेत. त्यांचं कामच शत्रूचं किंवा परक्या जनतेचं मन वळवणं. जनसंपर्क शाखेच्या तत्त्वांत प्रचाराला जागा नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि दोन्ही शाखांमध्ये कुंपण आहे. पण कुंपण ओलांडण्याचा मोह वरच्यांना वारंवार होतो. 2001 च्या अखेरीस पेंटॅगॉनने प्रभाव टाकण्यासाठी वेगळं कार्यालय उघडलं आणि बोभाटा झाल्यावर फेब्रुवारी 2002 मध्ये बंद केलं. 2005 मध्ये इराकी वर्तमानपत्रांत पैसे देऊन बातम्या पेरल्याचं बाहेर आलं. म्हणून प्रसारण तुकड्यांतल्या माणसांनी हे कुंपण सर्वांत जिवापाड जपायला हवं. ते मोडलं तर उद्या त्यांनी टिपलेल्या पुरात वाहणाऱ्या पुलाच्या दृश्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता पहिल्या बाजूकडे वळतो, जी म्हणते की आतले आहेत, बाहेरचे नकोत. हा प्रयोग झालेला आहे. 25 ऑक्टोबर 1983 ला अमेरिकेने ग्रेनाडा बेटावर सैन्य उतरवलं तेव्हा सुरुवातीचे सुमारे दोन दिवस पत्रकारांना बेटावर येऊ दिलं नाही. जे दृश्य मिळालं ते सैन्याच्या कॅमेऱ्याचं. परिणाम काय झाला? लोकांनी ते दृश्य मान्य करण्याऐवजी, लपवलं काय असेल याचाच विचार केला. ओरड एवढी झाली की सैन्याला मेजर जनरल विनंट सिडल यांची समिती नेमावी लागली आणि पुढे पत्रकारांचा फिरता गट सोबत नेण्याची पद्धत आली. 1989 मध्ये पनामावरच्या अमेरिकी चढाईत तोही गट तासन्‌तास उशिरा पोहोचवला गेला आणि पुन्हा तेच झालं. ग्रेनाडातल्या त्या सैनिक-छायाचित्रकारांनी कदाचित उत्तम काम केलं असेल. पण शेजारी दुसरा कॅमेरा नव्हता, म्हणून त्यांच्या कामाची किंमत शून्याच्या जवळ आली. साक्षीदार एकटाच असेल आणि तोही आरोपीच्या घरचा, तर तो खरं बोलला तरी न्यायालय काय करणार?

राखीव दलाबद्दल म्हणूनच मला विशेष आस्था आहे. पूर्णवेळ अधिकाऱ्याचं सगळं आयुष्य वरिष्ठांच्या शेऱ्यावर अवलंबून असतं. राखीव वार्ताहराचं तसं नसतं. त्याचं घर चालतं ते दुसऱ्या नोकरीवर, आणि सोमवारी त्याला आपल्याच गावातल्या लोकांना तोंड दाखवायचं असतं. ज्याच्याबद्दल त्याने ‘सराव यशस्वी’ म्हटलं, त्या सरावात पाय मोडलेला मुलगा त्याच्या गल्लीतला असू शकतो. 1973 मध्ये अमेरिकेत सक्तीची भरती संपल्यापासून सैन्यात दिवस काढलेली माणसं वृत्तकक्षांत विरळ होत गेली. बटालियन आणि ब्रिगेड यांतला फरक माहीत असलेला माणूस तिथे असेल तर तो बहुधा असा राखीव दलातलाच. हितसंबंध आहेत का? आहेत, आणि म्हणून ज्या वाहिनीत तो नोकरी करतो तिने त्याला सैन्याच्या बातम्यांवर नेमू नये, निदान त्याचा गणवेश प्रेक्षकांपासून लपवू नये. सैन्याने दिलेलं दृश्य दाखवताना, ते संपेपर्यंत, पडद्यावर तुकडीचं नाव ठेवावं. कोपऱ्यात क्षणभर चमकून जाणारी बारीक अक्षरं त्यासाठी पुरणार नाहीत. न कापलेलं मूळ चित्रणही भांडारात राहावं, आणि किती काळ राहावं हे त्या वेळच्या मंत्र्याच्या मर्जीवर नसावं. हेबर्लीच्या दोन रोलमधला फरक कळायला दोन्ही रोल शिल्लक असावे लागतात.

आणि पेंटॅगॉनमधली ती टेबलं स्वतंत्र पत्रकारांना पुन्हा मिळावीत, ही मागणी खरं तर फोर्ट मीडला शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सैनिक-वार्ताहराने करायला हवी. गणवेशात त्याला ती उघडपणे करता येणार नाही हे मला समजतं. महिन्यातले उरलेले अठ्ठावीस दिवस तो साधा नागरिक असतो.